काचेच्या पेटीपाशी एक खुर्ची

आमच्या मावशीची सगळी नोकरी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात, नवजात शिशू कक्षात गेली. स्टाफ नर्स म्हणून लागली, सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाली. ताई माझी सख्खी बहीण; कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. यंदा तिला मुलगी झाली ती एकोणतिसाव्या आठवड्यात. बीपी एकाएकी चढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, आणि शेवटी सिझर करावं लागलं. पोरीचं वजन भरलं नऊशे ऐंशी ग्रॅम. ती आता घरी आहे, बरी आहे, आणि म्हणूनच या दोघींना भांडायला सवड मिळाली आहे.

म्हातारी मावशी जुन्या रीतींची बाजू घेणार आणि शिकलेली ताई यंत्रांची, असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे उलटं आहे. यंत्रांची वकिली मावशी करते. त्यांचं बोलणं झालं तसं पुढे देतो आहे. मध्येमध्ये मी नाक खुपसलं आहे, तेवढं चालवून घ्यावं.

ताई : मावशी, मला एवढंच सांग. माझ्या पोटातून काढलेलं बाळ माझ्याच हातात यायला तीन आठवडे का लागले? तोवर मी काचेतून बघायचं, तेही दुपारी चार ते साडेचार. भेटायला आलेल्या पाहुण्यासारखं.

मावशी : जिवंत मिळालं ना? मग.

ताई : हे काय उत्तर झालं?

मावशी : माझ्यासाठी पहिलं उत्तर हेच. बाकीची त्यानंतर. सिझरच्या आधी तुला एका दिवसाच्या अंतराने दोन इंजेक्शनं टोचली होती, आठवतंय? बीटामेथासोन. टोचायची आईला, गुण यायचा बाळाच्या फुप्फुसांना. न्यूझीलंडच्या लिगिन्स नावाच्या डॉक्टरला ते मेंढ्यांवर काम करताना सापडलं. फार लवकर जन्मलेलं कोकरू, जे श्वास न घेताच जायचं, ते श्वास घेत होतं. मग त्याने आणि हॉवीने बायकांवर नीट चाचणी केली आणि १९७२ साली ती छापून आली. मी नोकरीला लागले तेव्हा हे इंजेक्शन घेऊन आलेली बाई क्वचित दिसायची. एकोणतीस आठवड्यांचं बाळ आलं, की त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाताना आम्ही नुसत्या बघत बसायचो. प्रत्येक श्वासाला छाती खड्ड्यात जायची. कण्हायचं बिचारं.

ताई : ते मी बघितलंय मावशी.

मावशी : तू अर्धा तास बघितलंस, मग तिला सर्फॅक्टंट दिलं. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक पातळ थर लागतो, तो या बाळांकडे पुरेसा नसतो. ही गोष्ट मेरी एलन एव्हरी नावाच्या बाईने १९५९ मध्ये दाखवून दिली. पण थर सापडला म्हणजे औषध हाताशी आलं असं नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोंच्या वर. एकोणचाळीस तासांत गेला. देशातले सगळे डॉक्टर दिमतीला होते. आणि तुझी पोर, त्याच्या निम्म्याहून कमी वजनाची, आत्ता तिथे पाय झाडतेय.

ताई : यंत्राचे आणि औषधाचे उपकार मी नाकारतच नाहीये. मी दाराबद्दल विचारतेय. तिच्या नाकात हवा दाबून सोडणाऱ्या सीपॅपच्या नळीला माझी काय अडचण होती?

मावशी : जंतू, बाई, जंतू. आईकडून बाळात उतरणारी ताकद बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत उतरते. तुझी त्या तीन महिन्यांच्या तोंडावरच बाहेर आली. कातडी इतकी पातळ की चिकटपट्टी काढताना सालटं निघतं. त्यात नाळेतून सलाईन, तोंडातून पोटात नळी. जंतूंना शिरायला वाटाच वाटा. दार सताड उघडं ठेवलं तर काय होईल?

ताई : काय होईल ते मोजलंय लोकांनी. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. बाळांच्या रक्तात सापडलं काय? ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, त्यातले कितीतरी अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारे. हे काय माझ्या पदराला चिकटून आले? हे दवाखान्यात मुरलेले जंतू. नळावर, सिंकवर, एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या हातांवर.

मावशी : पदराला नसतील. मोबाईलला? दिवसातून किती वेळा धुतेस मोबाईल?

इथे मी ताईकडे बघितलं. तिने मोबाईल हळूच उलटा ठेवला. मावशीचा हा हातखंडा आहे: मोठा मुद्दा अंगावर आला की ती नखं, अंगठी, बांगड्या, मोबाईल यांच्यावर येते. पण खरं सांगायचं तर ती फार काही चुकत नाही. या कक्षातले जीव वाचवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे कोपरापर्यंत धुतलेला हात, आणि तो नियम आईइतकाच डॉक्टरलाही लागू असतो. बंद दाराने आईचा हात अडतो. राउंडला आलेल्या दहा जणांचे वीस हात अडत नाहीत.

ताई : आणि हे काही आजचं नाही मावशी. काचपेटी निघाली त्या दिवसापासूनचं आहे. पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या डॉक्टरने प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी बघितली आणि तशीच बाळांसाठी करवून घेतली. १८८० ची गोष्ट. त्याच्या मागोमाग आलेल्या ब्यूदँ नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं, की पेटीतल्या बाळापासून लांब ठेवलेल्या आयांचा त्या बाळातला जीव उडतो. म्हणून आयांना जवळ ठेवा, अंगावर पाजू द्या. सव्वाशे वर्षं होऊन गेली. आणि पुढे काय झालं? कूनी नावाच्या माणसाने त्या पेट्या अमेरिकेत नेऊन जत्रेत मांडल्या. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला, पंचवीस सेंट तिकीट. आत जिवंत बाळं, बाहेर रांग. तिकीट काढणारा कुणीही आत, आई मात्र घरी.

मावशी : १९०३ ते १९४३ चालला तो प्रकार. आम्हाला एका कॉन्फरन्समध्ये दाखवले होते त्याचे फोटो. आता दुसरी बाजू ऐक. त्याने आईबापांकडून एक पैसा घेतला नाही. सगळा खर्च तिकिटांवर चालायचा. त्या काळी तिथली बरीच रुग्णालयं असली बाळं बाजूला ठेवून द्यायची, जगलं तर जगलं. कूनीच्या जत्रेत ती जगत होती. पुढे मोठी होऊन त्याला भेटायला यायची. तू मला सांग, मरू देणाऱ्या रुग्णालयात न्यावं की जगवणाऱ्या जत्रेत?

ताई : तू प्रश्नच असा घालतेस की त्याला एकच उत्तर असेल.

मावशी : चाळीस वर्षं मला असेच प्रश्न पडले बाई. त्यांना एकच उत्तर असायचं.

कूनीचं प्रकरण मला आधी थापच वाटलं होतं. ते खरं आहे. त्याची डॉक्टरकीची पदवी मात्र संशयास्पदच आहे, आणि हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा आदर कमी व्हावा की वाढावा, हे माझं अजून ठरत नाही.

ताई : बरं, जत्रा सोड. बोगोटाला ये. १९७८. कोलंबियातलं सरकारी प्रसूती रुग्णालय, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं, जंतुसंसर्गाने पटापट जाणारी, काहींना आया तिथेच सोडून जाणाऱ्या. डॉक्टर रे यांनी ठरवलं की बाळ आईच्या छातीवर उभं, उघड्या कातडीला उघडी कातडी लावून बांधायचं आणि त्याला तिचंच दूध पाजायचं. कांगारू पद्धत ती हीच.

मावशी : मला कांगारू शिकवतेस? शेकडो आयांना मी बांधून दिलंय. पण ते का केलं, ते तूच म्हणालीस. पेट्या नव्हत्या म्हणून. गरिबाने काढलेली तोड होती ती. तुझ्याकडे पेटी होती, मॉनिटर होता.

ताई : तोड म्हणून सुरू झालं, पण तेच जास्त चांगलं निघालं तर? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत चाचणी घेतली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपलं दिल्लीचं सफदरजंग. तीन हजारांवर बाळं. निम्म्यांना आधी रीतीप्रमाणे वॉर्मरवर ठेवून तब्येत सावरल्यावर कांगारू. निम्म्यांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर, सीपॅप, सलाईन सगळं तिथेच. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत रीतीच्या गटात शंभरातली जवळजवळ सोळा बाळं गेली, आईच्या गटात बारा. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणं बरोबर नव्हतं. आणि तुझे जंतू? संसर्गाची शंका आईच्या गटात कमी आली. जास्त नाही, कमी. २०२१ ला ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलंय.

मावशी : किती वजनाची बाळं घेतली होती?

ताई : एक किलोपासून एक किलो आठशेच्या आतली.

मावशी : आणि तुझी?

ताई गप्प बसली. संख्याशास्त्राच्या बाईला वीस ग्रॅमने गाठलं होतं.

मावशी : नऊशे ऐंशी. त्या चाचणीत तुझ्या लेकीला घेतलंच नसतं. जन्मल्यावर तासाभरात स्वतःचा श्वास न घेणारी बाळंही त्यांनी घेतली नव्हती. तुमची ती आकडेवारी बरोबर असेल, पण ती कुणाची आहे हे बघायचं असतं ना? तूच शिकवतेस मुलांना.

ताई : मान्य. पहिले दोन-चार दिवस सोडले. तिला नळी होती, मलाही फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम चालू होतं, बीपी उतरत नव्हतं; मी स्वतःच उठू शकत नव्हते. पण नंतर? आठवड्याने तिची नळी निघाली, वजन वाढायला लागलं, नुसतं सीपॅप राहिलं. तेव्हा दार कुणी बंद ठेवलं? त्याला कोणती चाचणी होती?

यावर मावशीने चहाचा कप उचलला आणि बराच वेळ फुंकत बसली. मग तिने विषय बदलला असं मला वाटलं, पण तिने तो बदलला नव्हता.

मावशी : दूध किती यायचं तुला?

ताई : पहिल्या दिवशी? थेंब. हाताने दाबून दाबून काढलं, सिस्टरने ते इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ओढून घेतलं. पिवळं, घट्ट, अर्धा मिलिलीटरसुद्धा नसेल. मला लाज वाटली. ती म्हणाली, लाज कसली, हे तिचं पहिलं औषध आहे. आणि ते बोटाने तिच्या गालांच्या आत लावलं. मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. अलार्म लावून उठायचं, डबी उकळायची, पंप लावायचा, डबीवर वेळ लिहायची. ‘बेबी ऑफ’ आणि माझं नाव. तिला स्वतःचं नावच नव्हतं ना. एकेक मिलिलीटर नळीने जायचं. पिस्टन न दाबता, सिरिंज नुसती उंच धरून, आपोआप उतरेल तेवढंच.

मावशी : आणि पोट फुगलं तेव्हा?

ताई : दोन दिवस काही द्यायचं नाही म्हणाले. नळीतून हिरवं आलं होतं. मी दूध काढत राहिले आणि फ्रीजरमध्ये ठेवत राहिले. कुणासाठी काढतेय तेच कळेना.

मावशी : आतडं सडायची भीती असते तेव्हा. नेक म्हणतात. त्याला सगळ्यात चांगलं राखण म्हणजे आईचं दूध. इथे मी तुझ्याशी भांडत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईचं दूधही पहिले काही आठवडे वेगळं असतं, त्यात प्रथिनं जास्त. शरीराला कुणी सांगितलं कोण जाणे. आणि आईला येत नसेल तर दुसऱ्या आईचं. सायनच्या रुग्णालयात डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी काढली, आशियातली पहिली. साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवायचं, तपासायचं, गोठवायचं. आमच्याकडची बाळंसुद्धा त्या वाटेने जगलीत. धारावीतल्या बाईचं दूध मलबार हिलच्या बाळाला गेलं असेल, कुणाला ठाऊक.

ताई : म्हणजे माझं दूध आत चालतं. मी चालत नाही.

हे वाक्य ऐकून मावशीने कप खाली ठेवला.

मावशी : दार कशामुळे बंद असतं ते सांगू? जंतूंमुळे असतं, पण तेवढ्यामुळेच नाही. आमच्याकडे रात्रपाळीला एक सिस्टर आणि तिच्याकडे दहा-बारा बाळं असायची. कधी जास्त. एकाचा ऑक्सिजन घसरलेला, दुसऱ्याची सलाईन सुजलेली, तिसऱ्याच्या फीडची वेळ. त्यात आई आत आली, की ती बघते. मॉनिटर वाजला की विचारते, हे काय वाजलं? शेजारचं बाळ निळं पडलं की किंचाळते. तिला समजावायला मला वेळ कुठला? आणि सिझरची बाई उभी किती वेळ राहील? तिला खुर्ची लागते. मान टेकवता येईल अशी, नाहीतर कांगारू देताना ती झोपेने पुढे कलंडते. तिला पाणी लागतं, जेवण लागतं, संडास लागतो. टाके ओले असताना ती दोन मजले उतरून जाणार का? दोन वॉर्मरच्या मध्ये जागा किती असते, माहीत आहे? मी आडवी होऊन जायचे. खुर्ची कुठे ठेवणार होते?

ताई : हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मला सगळे जंतूच सांगत होते.

मावशी : कारण जंतू म्हटलं की नातेवाईक गप्प बसतात. संडास नाही म्हटलं तर बसतील का?

माझ्या मते त्या दुपारी एवढंच एक खरं बोललं गेलं, बाकीची चकमक होती. कांगारूला विरोध करणारा बालरोगतज्ज्ञ आज शोधून सापडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ते जन्मल्यापासून सुरू करायला सांगितलं आहे. तरी दारं बंदच आहेत. सफदरजंगमध्ये चाचणीसाठी काय करावं लागलं? आयांचे पलंग त्या कक्षात, बाळांच्या शेजारी आणावे लागले, बाळंतिणीची काळजी घेणाऱ्यांना तिथे यावं लागलं. म्हणजे खर्च वास्तूचा आणि माणसांचा. यंत्र घ्यायचं म्हटलं की पैसे उभे राहतात, उद्‌घाटन होतं, फीत कापली जाते. आरामखुर्चीची फीत कोण कापणार? खासगीत तर गणित आणखी सरळ आहे. जिथे काचपेटीचं दिवसाला भाडं लागतं, तिथे आईच्या छातीचं भाडं लावता येत नाही. ताईच्या घरातलं सोनं त्या भाड्यात गेलं. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात ही सोय फुकट आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून. पण पोर निळी पडत असताना तिथे पलंग रिकामा आहे का, हे विचारत बसायला कुणाची छाती होते?

मग गाडी घरच्या महिन्यांवर आली. इथे मात्र दोघी एकदम एका बाजूला झाल्या, कारण दुसऱ्या बाजूला ताईच्या सासूबाई होत्या.

ताई : सासूबाई वाईट नाहीत गं. पण घरी आल्या आल्या शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी तयार.

मावशी : धुरी? या फुप्फुसांना? मी फोनवर काय बोलले ते विचार त्यांना. गुटी नाही, मध नाही, पाण्याचा थेंबही नाही. धुरी तर मुळीच नाही. पण मी त्यांना हेही म्हटलं, की तुमचं निम्मं बरोबर आहे. तुमची कुंची बरोबर, दुपटं बरोबर, सोयरात कुणाला आत घ्यायचं नाही हे तर सोळा आणे बरोबर. सव्वा महिना पाहुणे बंद ठेवणारी बाई माझ्या कामाची. फक्त तो सव्वा महिना घरी आल्यापासून मोजा.

ताई : त्या मला धीर द्यायच्या. म्हणायच्या, सातमाशी आहे, जगणार. अठमाशी असती तर भीती होती.

मावशी : हे मी नोकरीभर ऐकलं. चांगल्या शिकलेल्या बायकांकडून. अगं, एकेक आठवडा पोटात जास्त म्हणजे एकेक पायरी वर. अठमाशी कधीही बरं.

ही समजूत केवळ आपल्या आज्यांची नव्हे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं, म्हणून तेव्हा जन्मलेलं मूल वाचत नाही, असं सुश्रुतसंहितेतही आहे. आणि ग्रीकांच्या हिपोक्रेटिक ग्रंथांत आठव्या महिन्याच्या मुलांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्हीकडच्या विद्वानांनी एकच चूक केली. ताईला मात्र त्या चुकीचा उपयोग झाला. कक्षाच्या बाहेरच्या बाकावर तिला कुणीतरी ‘जगणार’ म्हणत होतं, आणि हे म्हणायची आतल्या कुणाचीही तयारी नव्हती.

ताई : मला घरी आल्यावर जास्त भीती वाटली मावशी. तिथे मॉनिटर होता. इथे ती श्वास घेताघेता थबकायची, पाच-सात सेकंद, मग भराभर घ्यायची. मी आरशाचा तुकडा नाकाशी धरायचे.

मावशी : असा श्वास ही बाळं घेतात. वीस सेकंद थांबली किंवा निळी पडली तर पळायचं. तुला कुणी सांगितलं नाही घरी सोडताना?

ताई : कागदावर होतं. पण तो कागद मी पंधरा मिनिटांत सही करून घेतला होता. दोन महिने मी आत असते, तिचा लंगोट बदलला असता, वाटी-चमच्याने पाजलं असतं, तर मला कागद लागला नसता. बघ, परत दारच आलं.

मावशी : आलं. यावर माझ्याकडे तोड नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या बायकांनाच आरोग्यदूत केलं. थोडंफार शिकलेल्या. श्वास मोजायचा, वजन करायचं, उबदार पिशवीत ठेवायचं, संसर्ग वाटला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. घरोघरी जाऊन. १९९९ ला लॅन्सेटमध्ये आलं : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी. आम्ही मुंबईच्या सिस्टरांनी आधी नाकं मुरडली होती. खेड्यातल्या बाईला ते जमलं, तर कॉलेजच्या बाईला श्वास मोजता येणार नाही असं कोण म्हणेल? पण ऐक, तुझी हजार-बाराशेच्या खालची पोर तिथेही काचेशिवाय अवघडच होती.

ताई : तू वीस ग्रॅम सोडणार नाहीस.

मावशी : नाही. डोळ्यांची तारीख कधीची आहे?

ताई : पुढच्या मंगळवारी. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा बघितले, तेव्हा रक्तवाहिन्या अर्ध्याच होत्या. आता आपोआप पुढे सरकतायत, लेसर लागणार नाही म्हणाले. कानांची तपासणी झाली.

मावशी : मंगळवार चुकवू नकोस. घरी हसतेय, खेळतेय म्हणून लोक तारीख सोडतात आणि मूल कायमचं आंधळं होतं. हे आमच्या यंत्राचं पाप आहे, ते मी कबूल करते. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत बंद पेट्यांमध्ये हवा तेवढा ऑक्सिजन सोडला. जास्त दिला म्हणजे जास्त बरं, अशी समजूत. हजारो बाळं आंधळी झाली. तो गायक स्टीव्ही वंडर त्यातलाच. मग घाबरून ऑक्सिजन इतका तोडला की बाळं दगावायला लागली. आता मॉनिटरवर नव्वद ते पंच्याण्णवच्या मध्ये ठेवायचं. शंभर दिसलं की आईबाप खूश होतात. आम्ही धावत जाऊन ऑक्सिजन कमी करतो.

ताई : माझ्या नवऱ्याने त्याचा फोटो काढला होता. ‘शंभर’ म्हणून घरच्यांना पाठवला.

मावशी : जावईबापू कांगारू देतात का?

ताई : रोज रात्री. शर्ट काढून, टोपी-मोजे घातलेली पोर छातीवर, बेडकासारखे पाय, वरून माझी ओढणी. सुरुवातीला श्वास धरून बसायचा. आता ती घुसमटून पाय मारते, बाहेर यायला बघते.

मावशी : मग संपलं कांगारू. अडीच किलोच्या पुढे गेली की बाळं स्वतःच राजीनामा देतात. हसते का?

ताई : याच आठवड्यापासून. शेजारीण म्हणाली, साडेचार महिन्यांची आणि आत्ता हसते? मान पण धरत नाही? मी रात्रभर जागी.

मावशी : तिला सांग, साडेचार महिन्यांतून अकरा आठवडे वजा कर. दोन महिन्यांची आहे ती. दोन महिन्यांचं बाळ हसतं, बरोबर वेळेवर हसतं. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. लसी मात्र जन्मतारखेने. तिथे वजाबाकी नाही.

ताई : मावशी, मी त्या रुग्णालयाला पत्र लिहिणार आहे. तू सही करशील?

मावशी : वाचून दाखव.

ताईने मोबाईलवरून वाचायला सुरुवात केली. पहिल्याच परिच्छेदात ‘मातृत्वाचा हक्क’ होता आणि ‘संवेदनशीलता’ दोनदा.

मावशी : खोड. सगळं खोड. हे वाचून ते तुला फुलांचा गुच्छ पाठवतील. लिही : प्रत्येक वॉर्मरमागे मान टेकवता येणारी एक खुर्ची. त्याच मजल्यावर आयांसाठी संडास. हात धुवायला कोपराने उघडणारे नळ, दाराशीच. रात्रपाळीला आणखी एक सिस्टर. बाळाला नुसतं सीपॅप राहिलं की आईला आत घ्यायचं.

ताई : दार पहिल्या ओळीत हवं.

मावशी : दार पहिल्या ओळीत लिहिलंस तर अर्ज दारातच अडेल. ते शेवटी. आधी खुर्ची.

ताई : आधी सिस्टर. सिस्टर नसेल तर खुर्चीत बसलेल्या बाईला कांगारू कोण बांधून देणार? तूच म्हणालीस.

मावशी : सिस्टर म्हटलं की पगार आला, आणि पगार म्हटलं की फाईल बंद. खुर्ची ते देतील. एकदा खुर्चीत आई येऊन बसली, की सिस्टर कमी आहेत हे तीच ओरडून सांगेल. माझ्याइतकं नाही, पण सांगेल.

ताई : म्हणजे तुला जी किंचाळणारी आई नको होती, तीच आता हवीय?

मावशी : मी रिटायर झाले आता. लिही, खुर्ची.